पाट्यांच्या जोडीला हवा

पिकअपच्या मागच्या धुऱ्यावर, पाटे आणि चेसी यांच्या मधल्या जागेत बसणारी जाड रबरी पिशवी म्हणजे सस्पेन्शनची एअर बॅग. टक्कर झाल्यावर स्टिअरिंगमधून फुगणाऱ्या एअरबॅगशी तिचे नावापलीकडे काही नाते नाही. ट्रॅव्हल्स बसच्या गॅरेजात याच वस्तूला बलून किंवा बेलो म्हणतात. हौद्यात माल भरल्यावर गाडी मागून बसते, तेव्हा हवेच्या दाबाने तिला पुन्हा सरळ उभे करणे एवढेच या पिशवीचे काम. पिकअपमध्ये ती पाट्यांची जागा घेत नाही. पाटे आहेत तिथेच राहतात आणि पिशवी त्यांच्या जोडीला बसते. गाडी मुळातली उंची राखून असेल तर बसवण्याचे काम सोपे असते. पिकअप आधीच उचललेली असली, म्हणजे पाटे वाढवून किंवा ठोकळे घालून उंच केलेली असली, की मात्र प्रत्येक मापाचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

बुलढाणा जिल्ह्यात पिकअप मागून उंच का केली जाते, हे इथली जमीन आणि इथला माल पाहिला की समजते. तेरा तालुक्यांच्या या जिल्ह्याचे लोक बोलताना सरळ दोन भाग करतात: घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा घाटावर; मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर खाली. मधे अजिंठ्याची डोंगररांग. बुलढाण्याहून मोताळा-मलकापूरकडे उतरताना राजूर घाट लागतो आणि खामगावकडे जाताना ज्ञानगंगा अभयारण्यातून बोथा घाट. चिखलीकडचे सोयाबीनचे कट्टे, खामगावच्या बाजारात येणारा कापूस, संग्रामपूर भागातली संत्री, मंडपाचे लोखंडी खांब, खारपाण पट्ट्यातल्या गावांना पुरवायच्या पिण्याच्या पाण्याच्या टाक्या असे काहीही एकाच हौद्यात आज एक तर उद्या दुसरे चढते. शेतातून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट काळ्या मातीची. पावसाळ्यात तिला चाकोऱ्या पडतात आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो. गाडी उंच हवी, मागून बसायला नको आणि ओझेही पेलायला हवे, अशी मागणी या सगळ्यातून तयार होते.

या मागणीला जुने उत्तर पाट्यांचे. पोलादाच्या कमानदार पट्ट्या एकावर एक रचून मध्ये सेंटर बोल्टने आवळलेल्या असतात आणि यू बोल्टने त्या धुऱ्याला, म्हणजे गॅरेजच्या भाषेत हाऊसिंगला, घट्ट धरतात. सर्वांत लांब मुख्य पाट्याचे एक टोक चेसीला पिनने अडकलेले असते. दुसरे टोक शॅकलवर झुलते, कारण पाटा दबताना लांब होतो आणि त्याला मागे सरकायला जागा लागते. ओझे पेलणे हे पाट्यांचे एक काम. धुरा पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकू न देणे आणि ब्रेक लागताना तो स्वतःभोवती फिरू न देणे हे दुसरे. एअर बॅगबद्दलचा बहुतेक गैरसमज या दुसऱ्या कामाच्या विसरातून येतो. हवेची पिशवी फक्त वर ढकलते, धुऱ्याला जागेवर धरून ठेवण्याची ताकद तिच्यात नाही. त्यामुळे मुख्य पाटा तुटलेला, सेंटर बोल्ट झिजलेला किंवा शॅकलचे बुश संपलेले असेल तर आधी ते काम करायचे आणि बॅगेचा विचार नंतर.

गाडी बसायला लागली की पाट्यांच्या दुकानात एकदोन पाटे वाढवून घेणे किंवा जुन्या पाट्यांना ठोकून पुन्हा कमान देणे हा रूढ मार्ग आहे. तो स्वस्त आहे, मजबूत आहे आणि कुठल्याही तालुक्याच्या गावी होतो. त्याचा दोष एवढाच की वाढवलेला पाटा सुट्टीवर जात नाही. पंधरा क्विंटल सोयाबीन घेऊन जाताना तो उपयोगी पडतो आणि बाजारातून रिकामे परतताना तोच गाडी आपटत आणतो. रिकाम्या गाडीचे मागचे चाक खड्ड्यावरून उडते, क्षणभर रस्ता सोडते आणि नेमक्या त्या क्षणी ब्रेक लागला तर ते घसरते. उंची वाढवण्याचा दुसरा मार्ग ठोकळ्याचा: धुरा आणि पाटे यांच्या मध्ये लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा ठोकळा घालून लांब यू बोल्टने आवळायचे. याने उंची वाढते, वजन पेलण्याची ताकद मात्र तीच राहते. शिवाय ठोकळा जितका उंच तितकी धुऱ्याची पाट्यांवरची तरफ लांब होते. जोरात क्लच सोडला किंवा ब्रेक दाबला की पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वळतात आणि धुऱ्याला फिरवणाऱ्या शाफ्टच्या जॉइंटचा कोन बदलून थरथर सुरू होते. ठोकळ्यावर ठोकळा रचणे तर कुठल्याही परिस्थितीत चूक आहे.

हवेने ओझे पेलण्याची कल्पना खेड्यातल्या माणसाला परकी नाही. टायर लावलेल्या बैलगाडीने ती कधीच शेतात आणली. जॉन बॉइड डनलॉप याने बेलफास्टमध्ये १८८८ साली हवेचा टायर केला. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९०१ मध्ये, वाहनासाठी हवेच्या स्प्रिंगचे पेटंट अमेरिकेत निघाले. रबर आणि कापड एकजीव करून गळती न होणारी पिशवी बनवणे त्या काळी जमले नाही. १९३० च्या दशकात फायरस्टोन या टायर कंपनीने ते जमवले, १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या बसगाड्या हवेवर धावू लागल्या आणि १९५७ ची कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोहॅम ही मोटार चारही चाकांना हवेचे सस्पेन्शन घेऊन आली. पाटे किंवा स्प्रिंग तशीच ठेवून जोडीला बसवायच्या पिशव्यांचा धंदा अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या एअर लिफ्ट कंपनीने १९४९ मध्ये सुरू केला. भारतात सर्वसामान्य प्रवाशाला या सुखाची ओळख झाली ती २००१ मध्ये आलेल्या व्होल्वो बसमुळे. मेट्रोचे आणि वंदे भारतचे डबेही अशाच रबरी पिशव्यांवर तोललेले असतात.

पिशवी ओझे पेलते त्यामागचा हिशेब शाळेतला आहे: दाब गुणिले क्षेत्रफळ म्हणजे बळ. पिकअपच्या बॅगेचे परिणामकारक क्षेत्रफळ १६० चौरस सेंटिमीटर धरले आणि आत ६० पौंड हवा भरली, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण ४.२ किलो, तर एक बॅग सुमारे ६७० किलो उचलून धरते. हवा ३० पौंड केली की तीच बॅग अर्धे ओझे पेलते. टायरवाल्याकडे ‘तीस भरा, पस्तीस भरा’ म्हणताना जो पौंड असतो तोच इथला पौंड, चौरस इंचावरचा. पिकअपच्या बॅगा सहसा ५ ते १०० पौंडांच्या पट्ट्यात चालतात.

पाट्यापेक्षा हवा वेगळी वागते ती दबल्यावर. पोलादी पाटा प्रत्येक सेंटिमीटरला जवळपास सारखाच जोर वाढवतो. हवा जसजशी कोंडली जाते तसतशी अधिकाधिक ताठ होते. ६० पौंड भरलेल्या बॅगेत बाहेरच्या वातावरणाचा दाब मिळवला तर आतला खरा दाब ७५ होतो. खड्ड्यात बॅग दबून आतली जागा पाऊण झाली की तो १०० होतो, म्हणजे मीटरवर ८५. झटका क्षणात बसतो, हवेला थंड व्हायला वेळ मिळत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात दाब याहूनही थोडा जास्त चढतो. छोटा हादरा मऊपणे पोटात घ्यायचा आणि मोठ्या हादऱ्याला घट्ट होऊन अडवायचे, हा गुण एकाच वस्तूत मिळतो. माल उतरला की हवा सोडून देता येते आणि गाडी पुन्हा मूळच्या पाट्यांवर येते. वाढवलेल्या पाट्याला हे कधीच जमत नाही. मात्र पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणाने झुलणे थोडे थांबते. हवेत तसे घर्षण नसते, म्हणून बॅग बसवल्यावर शॉकॲबवरचा भार वाढतो. तेल गळणारा शॉकॲब घेऊन बॅग बसवली तर गाडी होडीसारखी हेलकावे खाते.

एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी, कारण विक्रीच्या बोलण्यात ती हरवते. बॅगेने गाडीचे पासिंग वाढत नाही. गाडी सरळ उभी दिसते म्हणून तिची ताकद वाढली असे होत नाही. धुरा, बेअरिंग, टायर, ब्रेक आणि चेसी तेच आहेत आणि आरसी बुकात लिहिलेले एकूण वजन तेच आहे. उलट पाट्यांवर बसलेली गाडी निदान डोळ्यांना सांगते की ओझे जास्त झाले. हवेने उचललेली गाडी ते लपवते.

उचललेल्या पिकअपवर बॅग बसवायची तर पहिले हत्यार पाना नसून मोजपट्टी असते. गाडी सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंनी मोजून लिहून ठेवायची. मग बॅग जिथे बसणार तिथले धुऱ्यापासून चेसीपर्यंतचे अंतर तीन अवस्थांत मोजायचे: रिकामी गाडी, नेहमीचा माल भरलेली गाडी, आणि चेसी जॅकवर उचलून चाके पूर्ण लोंबकळत असताना. बॅगेचीही तीन मापे तिच्या कागदावर असतात: पूर्ण दबलेली उंची, चालण्याची योग्य उंची आणि जास्तीत जास्त ताण. गाडीची तीन अंतरे या तीन मापांच्या आत बसली तरच काम टिकते.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होते. समजा मूळ गाडीत धुरा आणि चेसी यांत १६ सेंटिमीटर जागा होती आणि बॅगेची योग्य उंचीही तेवढीच. पूर्ण दबल्यावर बॅग ८ सेंटिमीटर आणि ताणल्यावर २४ सेंटिमीटर. आता गाडी १० सेंटिमीटर उचलली, म्हणजे जागा २६ झाली. बॅग तिथे पोहोचतच नाही. यावर उपाय म्हणजे बॅग ज्या पट्टीवर बसते त्या खालच्या पट्टीखाली १० सेंटिमीटरचा मजबूत आधार, ज्याला स्पेसर म्हणतात. तो घातला की बॅग पुन्हा १६ वर येते. इथपर्यंत बहुतेक जण बरोबर करतात. चूक होते ती पुढे. गाडी उचलताना सोबत लांब शॉकॲबही घातलेले असतात आणि त्यांच्यामुळे चाक पूर्वीपेक्षा जास्त खाली लोंबकळू शकते. ते १२ सेंटिमीटर खाली गेले तर बॅगेला २८ पर्यंत ताणावे लागेल, आणि तिची हद्द तर २४ आहे. बांध ओलांडताना एक चाक हवेत लटकले की चार सेंटिमीटरचा हा फरक बॅगेच्या कडेतून रबर उपटून काढतो.

मग स्पेसर चार सेंटिमीटरने वाढवावा का? तसे केले तर खाली लोंबकळण्याचा प्रश्न सुटतो, पण वर दबायला आठाऐवजी चारच सेंटिमीटर उरतात आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्यात बॅग पूर्ण चेपली जाते. योग्य मार्ग दोन. एक, धुरा आणि चेसी यांच्यामध्ये मजबूत पट्टा अडकवून चाकाचे खाली जाणे बॅगेच्या हद्दीच्या थोडे आत थांबवणे. दुसरा, बॅगेचे खालचे टोक बोल्टने न आवळता वाटीसारख्या आधारात नुसते टेकवणे, म्हणजे चाक जास्त खाली गेले की बॅग वाटीतून सुटते आणि परत वर येताना वाटीतच बसते. बॅगेला ताणाची शेवटची मर्यादा बनू द्यायचे नाही हा नियम. ते काम शॉकॲबचे किंवा पट्ट्याचे.

मापे जुळली की प्रत्यक्ष बसवण्याचे काम दोन माणसांना अर्ध्या दिवसाचे असते. पुढच्या चाकांच्या दोन्ही बाजूंना दगड किंवा लाकडी ठोकळे लावायचे, मागून चेसी जॅकने उचलायची आणि घोडीवर ठेवायची. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणे हा जीवाशी खेळ आहे, मग काम पाच मिनिटांचे का असेना. धुरा मोकळा लोंबकळू दिला की आतली जागा मोठी होते आणि हात पोहोचतो. चेसीखाली, धुऱ्याच्या बरोबर वर, रबराचा एक गुटका बसवलेला असतो. गाडी पूर्ण दबली की धुरा चेसीवर आदळू नये म्हणून तो असतो. बऱ्याच संचांत बॅग नेमकी त्याच जागी येते, म्हणून तो काढावा लागतो. काढलेल्या गुटक्याचे काम कोण करणार याची खात्री इथेच करून घ्यायला हवी. काही बॅगांच्या पोटात रबराचा गुटका असतो आणि हवा गेली तरी तो ओझे झेलतो. असा गुटका नसलेली बॅग रिकामी ठेवून चालवली तर दोन लोखंडी पट्ट्यांमध्ये तिचा चेंदा होतो.

वरची पट्टी चेसीला आणि खालची धुऱ्यावरच्या पाट्यांना यू बोल्टने किंवा पकडपट्टीने आवळली जाते. चांगल्या संचात चेसीला नवे भोक पाडावे लागत नाही. पाडावेच लागले तर चेसीच्या उभ्या भागात, वरच्या-खालच्या कडांपासून दूर. कारण वाकण्याचा सर्वाधिक ताण त्या कडांवर असतो. पट्टी चेसीला किंवा हाऊसिंगला वेल्डिंगने चिकटवण्याचा मोह गॅरेजात होतो. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाचा गुण बदलतो आणि जोडाशेजारी तडा जातो, शिवाय जवळच्या बॅगेवर आणि ब्रेकच्या नळीवर ठिणग्या पडतात. इथे वेल्डिंग टाळायलाच हवे. ब्रेकची लोखंडी नळी धुऱ्यावरूनच जाते, ती पट्टीखाली चेपली जात नाही हे हाताने चाचपून पाहायचे. उचललेल्या गाडीत ब्रेकची लवचीक रबरी नळीसुद्धा आधीच ताणलेली असू शकते.

बॅग वर-खाली एका रेषेत उभी राहायला हवी. थोडा कल चालतो, पण वाकडी बॅग एका बाजूने घडी घालते आणि तिथेच फाटते. फुगल्यावर तिचा घेर वाढतो, म्हणून फुगलेल्या अवस्थेत चारही बाजूंनी बोटभर जागा मोकळी राहायला हवी: टायरपासून, शॉकॲबपासून, पाट्यांपासून. सायलेन्सरच्या पाइपपासून तर वीतभर अंतर हवे आणि ते मिळत नसेल तर मध्ये पत्र्याचा आडोसा. यातली सर्व मापे रिकाम्या गाडीवर पाहून भागत नाही. एकदा माल भरून, एकदा हवा भरून आणि एकदा धुरा लोंबकळत ठेवून पाहावे लागते.

हवेची नळी बारीक नायलॉनची असते. ती धारदार पात्याने सरळ कापायची. पक्कडीने किंवा कात्रीने कापली की तोंड चपटे होते आणि गळती तिथूनच सुरू होते. जोडात नळी शेवटपर्यंत ढकलायची, मग ओढून पाहायची. चेसीच्या आतल्या बाजूने, धारदार कडा टाळत ती मागच्या नंबरप्लेटजवळ आणायची आणि तिथे टायरसारखा व्हॉल्व्ह बसवायचा. दोन्ही बॅगांना एकच व्हॉल्व्ह की दोन वेगळे, हा प्रश्न खर्चाचा वाटतो, पण तो सुरक्षिततेचा आहे. मध्ये टी जोडून दोन्ही बॅगा एकत्र केल्या तर वळणावर बाहेरच्या बाजूची दबलेली बॅग आपली हवा आतल्या बॅगेकडे ढकलते आणि गाडी ज्या बाजूला झुकते आहे त्याच बाजूला आणखी झुकते. राजूर घाटाच्या वळणांवर कापसाने शीग लावलेली, आधीच उचललेली पिकअप असेल तर याचा अर्थ काय होतो हे वेगळे सांगायला नको. कापूस वजनाला हलका, पण हौद्याच्या कितीतरी वर चढतो आणि गाडीचा तोल वर नेतो. गाडी उचलल्याने तो आणखी वर जातो. दोन स्वतंत्र नळ्या, दोन व्हॉल्व्ह हेच योग्य. माल एका बाजूला जड असेल तर त्या बाजूला चार पौंड जास्त भरण्याची सोयही त्यातून मिळते.

जोडण्या झाल्या की बॅगा फुगवून प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावायचे. बुडबुडा आला तिथे गळती. रात्रभर उभी ठेवून सकाळी दाब पुन्हा मोजायचा आणि पहिल्या दीडशे किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळायचे, कारण नव्या पट्ट्या जागेवर बसताना थोड्या सैल होतात.

किती हवा भरायची याचे उत्तर आकड्यात नसून लिहून ठेवलेल्या मापात आहे. माल भरायचा, मग थोडी थोडी हवा भरत मडगार्डची उंची मोजायची. ती रिकाम्या गाडीच्या उंचीच्या किंचित खाली आली की थांबायचे. मागून चढती दिसेपर्यंत हवा भरली तर वजन पुढे सरकते आणि मागचे चाक नाचते. बॅगेच्या आतली जागा टायरच्या मानाने फार लहान असते, त्यामुळे पंक्चरच्या दुकानातल्या मोठ्या कॉम्प्रेसरवर ती दोन-तीन सेकंदांत शंभरी ओलांडू शकते. नुसता मीटर लावून काढला तरी दोन-चार पौंड निघून जातात. रिकाम्या गाडीतही किमान पाच पौंड ठेवायचे असतात, नाहीतर रबराच्या घड्या एकमेकांवर घासतात. उन्हाचाही परिणाम होतो. पहाटे २० अंशांत भरलेले ६० पौंड दुपारी ४५ अंशांत सहासात पौंडांनी वाढलेले दिसतात. घाटाखालच्या उन्हाळ्यात हे गृहीत धरायला हवे. पाण्याच्या टाकीचे प्रकरण आणखी निराळे आहे. अर्धी भरलेली टाकी वळणावर एका बाजूला हिसका देते आणि तो हिसका कितीही हवा भरली तरी थांबत नाही. टाकी पूर्ण भरलेली असावी, किंवा तिच्या आत आडवे पडदे असावेत.

या सगळ्यात सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचा भाग ब्रेकचा. अनेक पिकअपच्या मागच्या धुऱ्याजवळ एक झडप असते, तिला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह म्हणतात. तिची एक दांडी धुऱ्याला जोडलेली असते. माल भरून गाडी बसली की दांडी वर जाते, झडपेला ओझे कळते आणि ती मागच्या चाकांना जास्त ब्रेक देते. गाडी रिकामी असली की दांडी खाली असते आणि मागचा ब्रेक कमी होतो, म्हणजे हलकी चाके एकदम जाम होऊन घसरत नाहीत. ही झडप वजन मोजत नाही, फक्त धुरा आणि चेसी यांतले अंतर पाहते. गाडी ठोकळ्याने दहा सेंटिमीटर उचलली की तिला गाडी कायम रिकामीच वाटते. त्यावर बॅगेने माल भरलेली गाडीही उचलून धरली की उरलीसुरली खूणही जाते. दीड टन सोयाबीन घेऊन बोथा घाट उतरताना मागच्या चाकांना रिकाम्या गाडीइतकाच ब्रेक मिळतो, सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो, ते तापतात आणि पकड सोडतात. म्हणून गाडी उचलताना या दांडीची पट्टी तेवढ्याच मापाने सरकवून घ्यावी लागते आणि बॅग बसवल्यावर कंपनीने दिलेल्या मापाप्रमाणे ती पुन्हा लावून, माल भरून, मोकळ्या सपाट रस्त्यावर ब्रेक तपासावे लागतात. हे काम अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच केलेले बरे. ज्या कारागिराला ही झडप कुठे आहे ते दाखवता येत नाही, त्याच्याकडे बॅग बसवून घेऊ नये.

हेडलाइटच्या बाबतीत मात्र बॅगेचा सरळ फायदा होतो. मागून बसलेल्या गाडीचे नाक वर जाते आणि प्रकाश समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. बॅगेने गाडी सरळ झाली की तो पुन्हा रस्त्यावर येतो. गाडी उचलताना दिव्यांचा कोन बदललेला नसेल तर तो याच वेळी लावून घ्यायचा.

कायद्याची बाजू काम सुरू करण्यापूर्वी पाहायची असते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात असलेल्या तपशिलांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणात हीच भूमिका पक्की केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. जादा माल भरल्यास कलम १९४ खाली वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार रुपये अधिक. मालवाहू गाडीला आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, तेव्हा केलेला बदल समोर येतोच. एमएच २८ पासिंगच्या गाडीत असे काही करायचे असेल तर आधी बुलढाण्याच्या परिवहन कार्यालयात लेखी विचारणा आणि विमा कंपनीला कळवणे, हा क्रम सोडू नये. अपघातानंतर न कळवलेला बदल निघाला तर दाव्यावर वाद उभा राहतो.

बसवलेल्या बॅगेची निगा सोपी आहे. महिन्यातून एकदा आणि प्रत्येक जड फेरीआधी दाब पाहायचा. काळ्या मातीचा चिखल घड्यांत वाळला की खरकागदासारखा घासतो, म्हणून पावसाळ्यात साध्या पाण्याने बॅगा धुवायच्या. पावसाळ्यापूर्वी गाडीच्या पोटाला आणि पाट्यांना जळके ऑइल किंवा डिझेल मारण्याची पद्धत आहे. पाट्यांना गंज लागू नये हा त्यामागचा हेतू चांगला, पण तेलाने रबर फुगते आणि मऊ पडते, तेव्हा बॅगा झाकूनच ते काम करायचे. पंक्चर काढताना चेसीला जॅक लावून गाडी उचलायची असेल तर आधी बॅगेतली हवा कमी करायची, नाहीतर लोंबकळणारा धुरा तिला ताणतो.

चालत्या गाडीत बॅग फुटली तर गाडी त्या बाजूला एकदम खाली येते, पण पाटे जागेवर असल्यामुळे ती रस्त्यावर उभी राहते. वेग हळूहळू कमी करून गाडी कडेला घ्यायची, माल दुसऱ्या गाडीत चढवायचा आणि दुसऱ्या बाजूच्या बॅगेतली हवाही पाच पौंडांवर आणायची, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या होतात. बॅगेच्या पोटात गुटका असेल तर रिकामी पिकअप सावकाश गॅरेजपर्यंत जाते. नसेल तर मूळचा रबरी गुटका परत बसवल्याशिवाय ती हलवायची नाही, आणि त्यासाठी तो काढलेला गुटका त्याच्या बोल्टसह गाडीतच ठेवलेला असावा.